एका नारळावर सोडलेली सिगारेट

सिगारेट सोडल्यावर शरीर काय काय तमाशे करतं ते मला विचारा. हात थरथरतात, तोंड येतं, पोट चार-चार दिवस साफ होत नाही, आणि राग तर असा येतो की समोरच्याचं डोकं फोडावं. रत्नागिरीच्या एसटी स्टँडबाहेर माझी आणि माझ्या थोरल्या भावाची, अशा दोन्ही रिक्षा एकामागे एक लागायच्या. सोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक बाई म्हणाल्या, "जरा हळू चालवा हो," तर मी त्यांना वाटेतच उतरवलं. दादाला कळलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर मला झापलं, "सिगारेट सोडलीस की माणुसकी सोडलीस रे मेल्या?" मग स्वतःच हसत सुटला, आणि हसता हसता खोकायला लागला.

सोडली होती दोघांनी मिळून. गणपतीला गावी गेलो तेव्हा वहिनीने हट्टच धरला. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला, एकच, त्यावर दोघांचे हात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, या दोन लेकरांनी आजपासून धूर सोडला, एकाने मोडलं तर ते दोघांचं मोडलं, दोघांना सांभाळ. मागे उभी माणसं म्हणाली, "होय महाराजा." आमच्याकडे माणूस डॉक्टरची गोळी चुकवील, पण असा दिलेला शब्द मोडायला त्याचा जीव धजत नाही.

मग दोघांनाही खोकला लागला. ओढत होतो तेव्हा नव्हता एवढा. मी एका औषधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सोडल्यावर काही आठवडे वाढतो, छाती साफ होत असते." झालं! अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो मी. दादा रुमालात निरखून बघायचा, तर मी म्हणायचो, "येऊ दे बाहेर, वीस वर्षांचा मळ हाय." स्टँडवर कुणीही खोकलं तरी मी उपदेश करायचो.

माझा खोकला दिवाळीच्या आधी थांबला. आंघोळ करताना एकदम ध्यानात आलं, की आज खोकलोच नाही. एवढा आनंद झाला की कधी एकदा दादाला सांगतो असं झालं. स्टँडवर गेलो तर तो रिक्षात मागच्या सीटवर बसला होता, घामाघूम.

"कंटाळलो रे," तो म्हणाला. "ओढत होतो तेव्हा बरा होतो. एक ओढली तर घसा तरी मोकळा होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुजा गेला काय रे खोकला?"

खरं सांगितलं असतं तर तो खचला असता. समोरच्या टपरीवर गेला असता, आणि मोडलं असतं ते दोघांचं. मला तेवढंच दिसत होतं. "नाय रे," मी म्हटलं, आणि दोनदा खोकून दाखवलं.

त्याचा चेहरा जरा सैल पडला. "मग ठीक," म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्याजवळ असलो की खोकायचो. चहा पिताना, पॅसेंजरची वाट बघताना. वहिनी म्हणायची, "एकदा डॉक्टरला तरी दाखवा," तर दादा माझ्याकडे बोट करायचा, "त्याचा तरी कुठं गेलाय? दोघांचा एकदम जाईल." आणि मी, गाढव, मान डोलवायचो. दिवाळी गेली, थंडी गेली.

शिमग्याला गावी गेलो, ग्रामदेवतेची पालखी दारात आली. दादा दरवर्षी ती खांद्यावर घेऊन नाचायचा, ढोल थांबेपर्यंत खाली द्यायचा नाही. यंदा त्याने खांदा दिला, चार पावलं टाकली आणि मटकन खाली बसला. वहिनीने किंकाळी फोडली. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो बराच वेळ उजेडापुढे धरला. "इतके महिने काय करत होतात?" त्यांनी विचारलं. दादाने माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा पन जात नव्हता ना डॉक्टर. ह्याला पन तपासा."

मी नको नको म्हणत होतो, पण डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला. पाठीला नळी लावली, मोठा श्वास घ्या म्हणाले, परत घ्या म्हणाले. मी श्वास घेत होतो आणि समोर स्टुलावर दादा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"यांची छाती अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "खोकला कसला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दादाने हात जोडून कपाळाला लावले. "तुजी साफ हाय ना?" तो म्हणाला, "मग देवाने ऐकलं रे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाने.

पावसाळा सरायच्या आत दादा गेला. मी खोटं खोकत होतो हे त्याला शेवटपर्यंत सांगायचं धाडस मला झालं नाही.