चारशे दोनची सही

भिंतीपलीकडचं भांडण भानुमतीबाईंनी पहिल्यांदा ऐकलं ते चिंचवडच्या कामगार वसाहतीत, चाळीस वर्षांपूर्वी. पलीकडे सुलेखा राहायची. "नका ना, पोर उठेल," एवढंच ती म्हणायची, आणि मग भांडं आपटल्यासारखा आवाज. भांडं नसायचं ते. एका सकाळी तो आवाज आला तेव्हा भानुमतीबाई चहा करायला बसल्या होत्या. त्यांनी स्टोव्हला पंप मारला. आणखी मारला. स्टोव्ह असा फरफरायला लागला की पलीकडचं काही ऐकू येईना. चहा मात्र सगळा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सुलेखा विरजण मागायला आली. गाल जांभळा. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. भानुमतीबाईंनी वाटीत विरजण घातलं आणि नजरही वाटीतच ठेवली. दोन महिन्यांनी ते बिऱ्हाड उठलं. कुठे गेलं, कुणी विचारलं नाही.

आता भानुमतीबाई टोकियोच्या एदोगावात, लेकाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात राहत होत्या. विहंगचा व्हिसा वरच्या दर्जाचा, म्हणून नातीला सांभाळायला आईला आणता आलं. पण नात सात वर्षांची झाली की आजीनं परत जायचं, असा इथला नियम. "ओवीच्या सातव्या वाढदिवसाला एका हातानं केक आणाल आणि दुसऱ्या हातानं माझं तिकीट," असं त्या म्हणत. म्हणजे, ऐकायला घरात कुणी असलं तर. लेक-सून साडेसातच्या गाडीनं जायचे. ओवी बालवाडीतून आली की आजी मराठीत विचारायची, नात जपानीत उत्तर द्यायची, आणि समोरचीला जरा कमीच समजतं अशी दोघींचीही खात्री होती.

दिवसभरात मराठी बोलायला एकच जण होती, शेजारची चारशे दोनमधली राधिका. तिचा नवरा पुष्कर विहंगच्याच टीममध्ये, बराचसा घरून काम करणारा. राधिकाला तो एकटीला कुठे जाऊ द्यायचा नाही. भाजीसुद्धा तोच आणायचा. तिचं दार उघडायचं ते काइरानबानमुळे.

काइरानबान म्हणजे इमारतीच्या सूचना अडकवलेला पुठ्ठा. तो घरोघर फिरतो. वाचायचं, आपल्या चौकटीत सही करायची, पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायचं की झालं. हे भानुमतीबाईंना कुणी सांगितलंच नाही. त्यांना वाटलं, आमंत्रण जसं हातात द्यायचं तसं हेही असणार. तेव्हा पहिल्या दिवसापासून त्या बेल वाजवून, राधिकाच्या हातात पुठ्ठा देऊन, ती सही करेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. तेवढ्यात पाच मिनिटं बोलणं व्हायचं. पुढे सुनेनं, अक्षयानं, खरी रीत सांगितली. "बरं झालं उशिरा सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि बेल वाजवतच राहिल्या.

भिंती पातळ होत्या. फेब्रुवारीत काइरानबानात एक कागद आला. अक्षयानं वाचून दाखवलं, "चौथ्या मजल्यावर मोठ्यानं बोलणं होतं, कृपया सांभाळावं." बाकी मजल्याला तो नुसता आवाज होता. परदेशी माणसं, मोठ्यानं बोलतात, बिचारी. त्यातले शब्द कळणारं दिवसा माणूस एकच होतं, आणि ते चौथी पास होतं.

विहंगला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, त्यांच्या घरातलं आहे ते. उद्या मला त्याच्यासमोर बसायचंय."

"मग बस की. मी काय तुझी खुर्ची काढून घेतलीय?"

"तू मध्ये पडू नकोस, एवढंच."

इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईला फोन केला. ती म्हणाली, "नवीन संसार आहे हो, होईल सवय." सवय कुणाला आणि कशाची, हे भानुमतीबाई विचारणार होत्या, तोवर फोन ठेवला गेला. जुलैत ओवीचा वाढदिवस. नंतर त्या भिंतीला ऐकणारे कानही राहणार नव्हते.

मग तो गुरुवार. सकाळी अकराला पलीकडून राधिकाचा आवाज आला, "नको, पुष्कर, हात सोड." आणि ते भांडं, जे भांडं नसतं. भानुमतीबाई चटणी वाटत होत्या. बोट मिक्सरच्या बटणावर होतं. मिक्सर चांगला दणदणीत होता. त्यांनी बोट काढलं.

काइरानबान तर परवाच पुढे गेला होता. त्यांनी ओवीचा चित्रांचा पुठ्ठा उचलला, त्याला मागच्या महिन्याची पत्रकं चिमट्यानं लावली आणि चारशे दोनची बेल दाबली. तीनदा.

पुष्करनं दार उघडलं. कानात कॉल चालू. "काय काकू?"

"सही."

त्यानं पुठ्ठ्यावरच्या सशाकडे पाहिलं. "हँडलला लावून जायचं असतं हो."

"असेल बाबा. मला इथलं वाचता येत नाही. राधिकाची सही ओळखता येते, तीच लागते."

कॉलवर कुणीतरी त्याचं नाव घेतलं. "हाय, हाय, पुष्कर देस," असं जपानीत 'हो, हो' करत तो आत गेला. राधिका आली. डाव्या हातानं सही केली. वाकडीतिकडी, रेघ चौकटीबाहेर गेलेली.

"उजव्याला काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरले, काकू."

या खेपेला भानुमतीबाईंनी नजर वर ठेवली. "मला ऐकू येतं, राधिका. या मजल्यावर मला एकटीलाच कळतं."

ती कुजबुजली, "माझा व्हिसा त्याच्यावर आहे."

"माझा ओवीवर आहे. सहा वर्षांच्या पोरीवर. म्हणून काय मी तिचा मार खायचा?"

राधिकाला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. आतून हाक आली. दार लागलं.

भानुमतीबाई घरी न जाता चारशे तीनला गेल्या. तिथे ओगावा-सान राहायच्या, सत्तरीच्या, एकट्या, मजल्याच्या प्रमुख. आवाजाचा कागद त्यांनीच लावला होता. भानुमतीबाईंना जपानी शब्द सहा यायचे आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. त्यांनी वाकडी सही दाखवली. मग चारशे दोनकडे बोट केलं, आणि आपलंच मनगट पिरगाळून दाखवलं. ओगावा-सान बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी आपला तो कागद आणला आणि चार घड्या घालून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून चारशे दोनची बेल रोज वाजायला लागली. एक दिवस ओगावा-सान संत्री घेऊन, एक दिवस खालच्या मजल्यावरची बाई कचऱ्याचं नवं वेळापत्रक घेऊन, एक दिवस भानुमतीबाई. प्रत्येकीला सही राधिकाचीच हवी. पुष्कर वैतागायचा, पण इमारतीचा नियम म्हटल्यावर करतो काय? एका पत्रकाखाली ओगावा-साननी वॉर्ड ऑफिसचा इंग्रजी कागद लावला. अशा बायकांना सल्ला देणारी खिडकी तिथे होती. दोन आठवड्यांनी राधिकानं सही करताना पत्रकाच्या कोपऱ्यात लिहिलं, "मंगळवारी तो ऑफिसला जातो."

मंगळवारी ती ओगावा-सानबरोबर वॉर्ड ऑफिसला गेली. खिडकीतल्या बाईनं पहिल्यांदा तिला सांगितलं, की नवऱ्यापासून वेगळी राहिलीस म्हणून कुणी लगेच विमानात बसवत नाही. पुढच्या मंगळवारी राधिका एका बॅगेनिशी निघाली. भानुमतीबाईंनी डब्यात दशम्या दिल्या.

"काकू, कुठे ते सांगायचं नाही म्हणालेत. कुणालाच."

"नको सांगूस. विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही."

लिफ्टचं दार बंद झालं. सुलेखाचाही पत्ता नव्हता, पण ही आपल्या पायांनी गेली. त्यांनी घरी येऊन चटणी वाटली. बोलायला आता कुणी नव्हतं.

विहंग आठवडाभर आईशी मोजकंच बोलला. पाडव्याला मंडळात भानुमतीबाईंच्या शेजारी कुणी बसलं नाही, त्या खुर्चीवर शेवटी लोकांनी कोट ठेवले. मे महिन्यात पुष्करनंही जागा सोडली. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू येत नव्हतं, तरी अकरा वाजले की त्यांचा हात मिक्सरवर थबकायचा.

जुलैत ओवीचा केक झाला. बॅगा भरल्या. निघायच्या आदल्या दिवशी काइरानबान आला. अक्षया म्हणाली, "आई, राहू दे, मी जाता-जाता मुठीला लावते."

"मला कुठे काम आहे?"

चारशे दोनमध्ये आठवड्यापूर्वीच कुणी जोडपं राहायला आलं होतं. नाव कळलं नव्हतं. भानुमतीबाईंनी बेल वाजवली आणि थांबल्या. आतून पावलं आली. एका तरुण मुलीनं दार उघडलं, पुठ्ठा बघून गोंधळली. भानुमतीबाईंनी आधी तिचा चेहरा नीट पाहिला, मग दोन्ही हात पाहिले, मग पेन पुढे केलं आणि चौकटीवर बोट ठेवलं.