सोमवारपर्यंत

मुलीच्या जर्मन खेड्यात सगळं जपून ठेवलंय. जुनं चर्च, लाकडी चौकटींची घरं, अगदी कुणा सरदाराचं थडगंसुद्धा. साध्या माणसांना मात्र दफनभूमीत ठरावीक वर्षंच जागा मिळते. शेजारच्या हेल्गाबाईंच्या नवऱ्याची मुदत संपली होती. थडग्याचा दगड सोमवारी उचलणार होते. तरी त्या झारीनं तिथल्या फुलांना पाणी घालत होत्या.

"आता कशाला?" मी मुलीकरवी विचारलं.

"सोमवारपर्यंत आहे ना तो इथे." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या बायकोला कुठे ठेवलंय?"

"नदीत सोडलं."

अस्थी सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. मी मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलो होतो.

हेल्गाबाईंनी झारी माझ्या हातात दिली. एकदा तरी वळून बघायला हवं होतं.