सात स्टेजचं पाणी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं की आधीचं?" असं विचारण्यात त्यांचा जन्म गेला. ती खोड घरीही सुटत नाही. उशी घ्यायची झाली तरी दोन आणतात आणि दोन्हींवर ताईला निजवून बघतात.

मागच्या सुट्टीत नात राहायला आली आणि पोट बिघडवून गेली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या भाचीने, फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर मी तिला तिकडे आणणार नाही." भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सगळं खापर फिल्टरवर फोडलं.

"पाण्याचं काय घेऊन बसलात?" ताई म्हणाली. "एका दमात तीन आइसकांड्या भरवल्यात तिला."

"आइसकांडी कशाची असते? पाण्याचीच ना?"



घरातला तीन स्टेजचा फिल्टर उत्तम चालत होता. तरी फिल्टरवाल्याला बोलावणं गेलं. एका स्टेजने पाण्यातलं सगळं काढायचं आणि पुढच्या स्टेजने त्यातलं चांगलं तेवढं परत घालायचं, हे त्याने इतक्या गंभीरपणे समजावलं की क्षणभर मलाही पटलं.

मग आठवडाभर भाऊजींचं ठरेना. ओट्यावर दोन पेले मांडलेले, एक घरच्या पाण्याचा, एक शेजाऱ्यांच्या पाच स्टेजच्या पाण्याचा. येईल त्याला तोच प्रश्न, "हे बरं की ते?" मला दोन्ही सारखीच लागली. तसं म्हटल्यावर, मोठं अक्षरही न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी सात स्टेज बसल्या. ओट्याखाली नळ्यांचं जाळं झालं आणि ताईचे डबे पलंगाखाली गेले. पाणी यायचं ते थेंब थेंब. "चांगल्या गोष्टीला वेळ लागतोच," भाऊजी म्हणायचे.

पुढच्या सुट्टीत नात आईबरोबर आली ती दारातूनच "आजोबा, पाणी!" म्हणत. फिल्टरच्या टाकीत साठलेलं पाणी भाऊजींनी शिळं म्हणून नुकतंच ओतून दिलं होतं. ते पेला धरून उभे राहिले. तळ जेमतेम ओला झाला. पोरीने भोकाड पसरलं. नळाचं पाणी द्यायचं नाही, ही त्यांचीच सक्त ताकीद. पेला फिल्टरखाली ठेवून ते म्हणाले, "हा भरेपर्यंत हिला जरा खाली फिरवून आणतो."

दोघं परत आली तेव्हा पेला काठोकाठ भरला होता. पोरीची जीभ अर्धी केशरी, अर्धी हिरवी.

"कुठली बरी, ते ठरेना तिचं," भाऊजी पडेल आवाजात म्हणाले.

भाचीने उघडलेली बॅग पुन्हा बंद केली. मला भाऊजींची फार कीव आली. नातीवर जीव होता हो त्यांचा. त्यांनी तो भरलेला पेला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली. तिला आता तहान नव्हती.