दहा सेंटिमीटरचा चौकोन

बारा जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. प्रयोगशाळेच्या एप्रनचा पॅटर्न माझ्याकडे चार प्रकारच्या फाइलींत जतन होता. पहिली फक्त माझेच सॉफ्टवेअर उघडत असे. दुसरी कापड कापणाऱ्या यंत्रासाठी होती. असे यंत्र आमच्या तालुक्याने अद्याप पाहिलेले नाही. तिसरी पीडीएफ. चौथी जेपीजी, म्हणजे निव्वळ चित्र, ज्याला सेंटिमीटर नावाची गोष्ट ठाऊक नसते. सोनईत मीटरभर रुंद छपाई एकाच ठिकाणी होते, फ्लेक्सच्या दुकानात. त्या दुकानाला अर्थातच चौथी हवी होती.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून शिवणकामाचा उद्योग काढल्याबद्दल गावाने माझी पुरेशी कीव केली होती. राहुरीजवळच्या एका महाविद्यालयाला त्या संध्याकाळपर्यंत नमुन्याचा एप्रन हवा होता. पसंत पडला तर पहिल्या वर्षाचे सगळे एप्रन माझे. नाही तर नगरच्या दुकानाचे.

जेपीजीवर माझा विश्वास नसल्याने मी पॅटर्नच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन काढला होता. छापून आल्यावर तो मोजायचा. दहा भरला तर बाकी मापे खरी. फ्लेक्सवाल्याने पहिली प्रत हाती दिली. चौकोन उभा दहा, आडवा बारा.

"दादा, हे ताणलंय."

"व्हय, जरासं. बाजूला जागा मोकळी राहत हुती, वाईट दिसलं असतं."

"या मापाने शिवलेल्या एप्रनमध्ये दोन मुली मावतील."

"मंग चांगलंच की ताई! एकाच्या पैशात दोन." तो मनापासून हसला. "पन तुमी फोटो दिलाच न्हाई. चौकोन मोकळाच हाय."

ज्या माणसाने आयुष्यभर वाढदिवसच छापले, त्याच्या लेखी रिकामा चौकोन म्हणजे राहून गेलेला नेता. मी त्याला प्रमाण, मोजमाप आणि पडताळणी या संकल्पना समजावल्या. त्याने आदराने मान डोलावली. रुंदीचा आकडा मी स्वतः टंकित केला आणि खाली दोरा आणायला गेले. परतले तेव्हा दुसरी प्रत तयार होती. चौकोनात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो होता आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा'.

"एवढं शिकल्या तुमी, लाजता कशाला?"

मी स्वतःच्या चेहऱ्यावर पट्टी ठेवली. कडेपासून कडेपर्यंत, उभे नि आडवे, दोन्हीकडे दहा. वैज्ञानिक आक्षेपाला जागा उरली नव्हती. घरी येऊन त्याच फ्लेक्सवरून कापड बेतले, शिवले आणि साडेचारच्या एसटीने राहुरी गाठली.

विभागप्रमुख बाईंनी एप्रन अंगात घातला, सगळी बटणे लावली आणि हात उंच करून वरच्या फळीवरची बाटली काढली. काख कुठे ओढली नाही.

"बाकीचे कधी देता?" एवढेच त्या म्हणाल्या.

आता मोजायची गरज नव्हती. तरीही मी एप्रन परत मागून घेतला, टेबलावर पसरला आणि टेप लावला. पॅटर्नप्रमाणे छातीचा घेर १०८ सेंटिमीटर, प्रत्यक्षात १०८.४.