लिलावात आलेले पितर

बावन्नाव्या वर्षी कंपनीने नारळ दिला, तेव्हापासून धम्मानंद तायडे दमलेलेच होते. अर्ज करून दमले, मुलाखतींत निम्म्या वयाच्या पोरांपुढे हसून दमले. मग कुणीतरी लिलावाचं सुचवलं. लोक भाड्याच्या गोदामखोलीत सामान ठेवतात, भाडं थकवतात, आणि गोदामवाले ती खोली आहे तशी विकून टाकतात.

"करून बघा," बायको जान्हवी म्हणाली, "पण हे शेवटचं हं. जमलं नाही तर गुपचूप अकोल्याला जाऊ." लेक एकता इथेच, सिंगापुरात जन्मलेली, इथल्याच शाळेत. तिला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

यिशुन भागातल्या एका गोदामात शटर वर गेलं. दारातूनच बघायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. रोजचे व्यापारी टॉर्च मारत होते. सोफा, खोके, शिवणयंत्र, आणि मागे लाल कपाटावर बुद्धमूर्ती. ती दिसताच व्यापारी मागे सरले. धम्मानंदांना मात्र घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी बोली लावली, पुढे कुणी तोंड उघडेना. शहाण्याने तिथेच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लॉरीवाल्या टॅन अंकलने सगळं उचललं, पण कपाटापाशी हात झटकले. ते चिनी घरातलं देवघर होतं. मूर्तीमागे त्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव कोरलेली, पितर म्हणून पुजलेली लाकडी पाटी होती.

"नो लाह! यात त्यांचा बाप आहे. आमच्यात असली खोली कुणी घेतच नाही. तुला माहीत नव्हतं?"

कुठून माहीत असणार? संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची होती. धम्मानंदांनी स्क्रू काढून देवघर सुटं केलं, फळ्या टाकल्या, मूर्ती पिशवीत ठेवली. पाटी घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी आले. अंधश्रद्धेला जन्मभर शिव्या घातलेला हा माणूस, पण हात काही पुढे होईना. शेवटी किल्ली परत केली आणि पाटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. दुपारी जुन्या बाजारात सामान विकून आलेले सगळे पैसे लॉरीच्या भाड्यातच गेले होते. खेळ संपला होता.

घराजवळच्या चिनी देवळात अशा पाट्या ठेवून घेत. तिथल्या म्हातारीने पाटी बघितली. "तुझे कोण?"

कुणी नाही म्हटलं असतं, तर तिने परत पाठवलं असतं. "वडील," ते म्हणाले. तिने एकदा त्यांच्या सावळ्या तोंडाकडे पाहिलं आणि उदबत्ती हातात दिली.

"मग सांग त्यांना. जागा बदलताना सांगावं लागतं. नाहीतर ते जुन्याच दारात बसून राहतात."

श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतलेलं घर त्यांचं. स्वतःचे वडील गेले तेव्हासुद्धा नुसती वंदना झाली होती. पण वाद घालायचं त्राण आता उरलं नव्हतं.

"बाबा," ते मराठीतच म्हणाले, "चला. ती जागा आता आपली राहिली नाही."

आणि उदबत्ती राखेत खोचली. घरी जाऊन एकताला हेच सांगायचं होतं.