कय्युम मिस्त्रीच्या होडीचा शिशाचा गोळा

तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कय्युम मिस्त्रीनं रिमोटवर चालणारी शिडाची होडी बनवली, तेव्हा ओढ्यात चिखलसुद्धा उरला नव्हता. लोक हसले. मीही हसलो.

हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. दुष्काळात कापूस येईना, सहकारी सूतगिरणी बंद पडली आणि वीस वर्षं तिथं फिटर असलेला कय्युम घरी बसला. पुण्याचे एक साहेब तलावावर अशा होड्यांच्या शर्यती लावायचे. नमुना पसंत पडला तर वर्षभर काम देतो म्हणाले. नाहीतर बायकोला, रुकसानाला, माहेरी सोडून कुठंतरी वॉचमन म्हणून उभं राहायचं, हे ठरलेलं होतं.

होडी देखणी झाली. पोटाखाली उभी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून ओतलेला लांबोळा गोळा. हा गोळा पाण्याच्या सपाटीला समांतर बसला पाहिजे. गोळ्याचं नाक जरा खाली गेलं की होडी मागं पडते. आणि होडी पाण्यात कशी बसते, हे ती पाण्यात सोडल्याशिवाय कळत नाही.

गावात तेवढं पाणी एकाच ठिकाणी होतं. टँकर सोसायटीच्या हौदात रिकामा व्हायचा. मी सोसायटीचा सचिव, झाकणाची चावी माझ्याकडं.

"उत्तरेश्वरभाऊ, अर्धा घंटा हौद द्या. गोळ्याला प्लास्टिक गुंडाळतो. पानी काय कमी व्हनार न्हाई."

"येडा झालास का बे? प्यायचं पानी हाय ते. शिसं बुडवलं म्हनून बायका मला सोलून काढतील."

रांगेतली चंद्रभागाबाई म्हणाली, "बुडवू द्या की. त्याचं पोट हाय त्यात."

तरी मी चावी दिली नाही. एकदा नाही म्हटल्यावर बायकांसमोर हो म्हणायला जीभ रेटेना. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

कय्युमनं होडी दोन खुर्च्यांवर ठेवली, काठावर पाणसळ लावून सपाट केली आणि त्याच अंदाजानं गोळा पक्का चिकटवून होडी पुण्याला पाठवली. गिरणीत यंत्रं अशीच बसवायचे. पण यंत्र बसवलं तिथंच राहतं. होडी पाण्यात शिरली की पुढं झुकते.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला, तेव्हा कय्युम हौदापाशी रांगेत होता आणि मी शेजारी. सगळं ऐकू येत होतं. गोळ्याचं नाक दोन अंश खाली होतं. शर्यतीत होडी शेवटून पहिली आली, काम दुसऱ्याला दिलं.

"पाण्यात सोडून बघितली नव्हती का, मिस्त्री?"

कय्युमनं माझ्याकडं पाहिलं. आता हा मला पुढं करणार, असं वाटलं.

"बघितली होती साहेब," तो म्हणाला. "माझीच नजर चुकली."

मग त्यानं हंडा पुढं सरकवला.

रविवारी तो वॉचमनकीला निघाला. जाताना निरोप घ्यायला माझ्या दारात आला. मी आत होतो. बायकोला म्हणालो, घरी न्हाईत म्हनून सांग.