व्यंकूची दोन साउंड कार्डं

व्यंकूच्या घरून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, गेले हो हे,” एवढंच म्हणाल्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये व्यंकूचा आवाज आधीच गेलेला, त्यामुळे जाताना तो काही बोललाही नाही... मला रागच आला. कुणाचा, ते अजून कळत नाही.

व्यंकटेश माझा शाळेपासूनचा दोस्त. भवानी पेठेत त्याची रेकॉर्डिंगची खोली होती, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट. चांगलं महागडं यंत्र घ्यायचं सोडून हा बाबा एकाच कॉम्प्युटरला दोन स्वस्त साउंड कार्डं, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या डब्या, बाहेरून जोडायचा, प्रत्येकाला एक माइक. कार्डं दिसायला जुळी. कुठलं कुठल्या माइकचं ते कळावं म्हणून एकावर कुंकवाचं बोट, दुसऱ्यावर हळदीचं. मी हसलो की म्हणायचा, “काम होतंय नव्हं? मग गप की बे.”

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्याने मला बोलावून घेतलं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याला वहिनींशी तासभर बोलून ते जपून ठेवायचं होतं, दोघांचे आवाज वेगवेगळे. “ती रडली तर तेवढं काढता येईल,” म्हणाला. कार्डं हातात घेतो तर दोन्हींवर हळदही आणि कुंकूही. दोन दिवसांपूर्वी खंडेनवमी झालेली, वहिनींनी पूजेत दोन्ही यंत्रांना मनोभावे लावलेलं. “एकालाच कसं लावायचं?” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. मी वायरी काढत-घालत बसलो. कॉम्प्युटरवर एक कार्ड दिसलं की दुसरं गायब. व्यंकू सूचना देत होता आणि प्रत्येक सूचनेगणिक त्याचा घसा बसत चालला होता. मी शेवटी खेकसलो, “बोलू नकोस रे, जेवढा हाय तेवढा आवाज वहिनींसाठी ठेव.” एकदाची दोन्ही कार्डं लागली, आणि खोकत, थांबत, तो तासभर बोलला.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनी म्हणाल्या, ऐकवा. लावलं. सुरुवात ठीक होती, पण प्रत्येक कार्ड आपल्याच घड्याळावर आवाज टिपतं; दोन कार्डं म्हणजे दोन घड्याळं, एक हळूहळू पुढं पळतंच. व्यंकूचा आवाज सरकत सरकत पुढं गेला. शेवटी शेवटी तर वहिनींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर सुरू. एवढ्या जिवावरच्या रेकॉर्डिंगचं हे असं... “थांबा वहिनी,” मी म्हटलं, “दोन्ही आवाज जुळवून देतो, मला येतं ते.”

त्यांनी माझा हात धरला.

“राहू द्या, भाऊजी. माझं पुरतं ऐकून कधी बोललेत हे? नीट जुळवलं तर दुसरंच कुणीतरी वाटंल.”

मी माउस सोडला. रेकॉर्डिंगमध्ये व्यंकू वहिनींचं बोलणं तोडत बोलत राहिला.